विश्लेषण : व्हेनिसमध्ये शिरायला पाच युरो, पण गर्दीच्या पर्यटनातून पर्यटकाला मिळते काय?

२५ एप्रिल २०२४ च्या सकाळी व्हेनिसच्या सांता लुचिया रेल्वे स्थानकाबाहेर पालिकेचे कर्मचारी पर्यटकांच्या मोबाइलवरील क्यूआर कोड तपासायला उभे राहिले. केवळ दिवसभरासाठी शहरात येणाऱ्यांना त्या दिवसापासून पाच युरोंचे शुल्क लागू झाले. पहिल्या वर्षी गर्दीच्या २९ दिवशी ते आकारले गेले. सुमारे ४ लाख ८५ हजार लोकांनी ते भरले आणि पालिकेला जवळपास २४ लाख युरो मिळाले. २०२५ मध्ये हे दिवस वाढून ५४ झाले आणि आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यांना दुप्पट, म्हणजे दहा युरो मोजावे लागले. विशेष म्हणजे पहिल्याच दिवशी शेकडो रहिवासी या शुल्काविरुद्ध रस्त्यावर उतरले. पर्यटकांना विटलेले शहर पर्यटकांवरच्याच शुल्काला विरोध का करते? त्यांचे म्हणणे असे की, दारात तिकीट लावले की शहराचे रीतसर संग्रहालय होते. आणि संग्रहालयात कोणी राहत नसते.

रहिवासी उरले किती?

सान बार्तोलोमेओ चौकातील एका औषधांच्या दुकानाच्या काचेत २००८ पासून एक फलक लावलेला आहे. बेटांवरच्या जुन्या शहरात सध्या किती माणसे राहतात, तो आकडा त्यावर दिसतो. १९५१ मध्ये ही संख्या सुमारे १ लाख ७५ हजार होती. २००९ मध्ये ती ६० हजारांच्या खाली आली, तेव्हा रहिवाशांनी शवपेटी गोंडोल्यात ठेवून शहराची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. २०२२ मध्ये ती ५० हजारांच्याही खाली गेली. त्यानंतर एका पुस्तकांच्या दुकानात दुसरा फलक लागला. हा मोजतो पर्यटकांच्या मुक्कामासाठी असलेल्या खाटा. सप्टेंबर २०२३ मध्ये खाटांचा आकडा माणसांच्या आकड्याला मागे टाकून पुढे गेला.

या सगळ्याला पर्यटनच जबाबदार आहे, असे म्हणणे मात्र अर्धसत्य ठरेल. नोव्हेंबर १९६६ मध्ये भरतीचे पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले आणि तळमजल्यावर राहणाऱ्या हजारो लोकांची घरे पाण्याखाली गेली. समोरच्या मुख्य भूमीवर मार्गेरा येथे कारखाने होते आणि मेस्त्रे येथे कोरड्या, नव्या सदनिका होत्या. शिवाय तिथे घराच्या दारात मोटार उभी करता येत होती. लोक तेव्हापासूनच बाहेर पडत होते. पर्यटनाने केले ते वेगळेच. त्याने परतीची वाट बंद केली. एक कुटुंब गेले की त्या जागेत पूर्वी दुसरे कुटुंब येत असे. आता पर्यटक येतो. वर्षभराच्या भाडेकरूकडून मिळते त्याहून जास्त पैसे तीन-तीन रात्रींच्या पाहुण्यांकडून मिळत असतील, तर घरमालक कोणाला निवडणार हे उघड आहे. यात केवळ बाहेरचे गुंतवणूकदार आहेत असेही नाही. आजी गेल्यावर रिकामी झालेली जागा पर्यटकांना देऊन स्वतः मेस्त्रेत राहणारी व्हेनिसची कुटुंबेही यात आहेत. मोर्चात चालणारे आणि खाटा भाड्याने देणारे कधी कधी एकाच घरातले असतात, ही या प्रश्नातील सर्वांत अवघड बाब.

माणसे कमी झाली की वाणसामानाचे दुकान चालत नाही. त्याच्या जागी मुखवटे आणि चुंबकाच्या शोभेच्या वस्तू विकणारे दुकान येते. मग जे कुटुंब टिकून होते, त्यालाही ब्रेड आणायला दूर जावे लागते. पर्यटक कमी आले तरी हे चक्र आपोआप उलटे फिरत नाही. २०२० मध्ये करोनाकाळात व्हेनिस रिकामे झाले, तेव्हा त्याच्या स्वच्छ, शांत कालव्यांची छायाचित्रे जगभर फिरली. पण शहरात लोक राहायला परतले नाहीत. उलट अनेकांचा रोजगार बुडाला.

प्रवासाने दृष्टी विस्तारते, ती कशी?

देशाटनाने शहाणपण येते, हे मराठी माणूस शाळेपासून ऐकत आला आहे. यात तथ्य किती, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञांनी केला आहे. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये ‘द नेचर ऑफ प्रेज्युडिस’ या ग्रंथात असे मांडले की, दोन गटांतील माणसे नुसती समोरासमोर आल्याने पूर्वग्रह जात नाहीत. त्यासाठी दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट सामाईक हवे, एकमेकांशी सहकार्य हवे आणि या संपर्काला समाजाचे किंवा संस्थांचे पाठबळ हवे. गर्दीच्या पर्यटनस्थळी यांतले बहुधा काहीच नसते. एक जण विकतो, दुसरा विकत घेतो. एकाला तिसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळायचे असते, दुसऱ्याला बस गाठायची असते.

विल्यम मॅडक्स आणि अॅडम गॅलिन्स्की यांच्या २००९ मधील संशोधनात परदेशात वास्तव्य केलेल्यांमध्ये सर्जनशीलता अधिक दिसली. नुसता परदेश प्रवास केलेल्यांमध्ये तसा संबंध आढळला नाही. एवढ्यावर धावत्या सहलींना नावे ठेवून मोकळे होता आले असते. पण हे दोघे आणि जिइन काओ यांच्या २०१४ मधील अभ्यासात वेगळे चित्र दिसले. अनोळखी माणसांवर विश्वास ठेवण्याची वृत्ती वाढण्यासाठी एकाच देशात किती काळ घालवला यापेक्षा किती वेगवेगळे देश पाहिले, हे महत्त्वाचे ठरले. म्हणजे दहा दिवसांत पाच देश पाहणाऱ्याची टिंगल करण्याचे कारण नाही.

मात्र त्यासाठी ते पाच देश एकमेकांपेक्षा खरोखर वेगळे दिसायला हवेत आणि तिथे तिथलीच माणसे भेटायला हवीत. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या युरोप सहलींत व्हेनिसच्या वाट्याला बऱ्याचदा जेमतेम अर्धा दिवस येतो. सान मार्को चौक, गोंडोल्याची फेरी, काचकाम दाखवणारे दुकान, आणि रात्री मुक्कामाला पुन्हा मुख्य भूमी. या वेळात भेटतात ते मुख्यतः दुसरे पर्यटकच. ज्याच्याकडून काही नवे कळले असते, तो रहिवासी त्या गल्लीत उरलेला नाही.

गर्दीला नाके मुरडणे नवे नाही

सामूहिक सहलींची सुरुवात सहसा ५ जुलै १८४१ पासून मोजतात. त्या दिवशी थॉमस कुक यांनी दारूबंदीच्या मेळाव्यासाठी सुमारे ५०० लोकांना रेल्वेने लेस्टरहून लफबरोला नेले, माणशी एका शिलिंगात. पुढे त्यांच्या सहली युरोपात पोहोचल्या. तेव्हा तोवर एकट्याने फिरणाऱ्या श्रीमंत इंग्रजांनी या ‘झुंडी’ची भरपूर थट्टा केली. त्यांची खरी अडचण अशी होती की, आपण पाहिलेले आता कारकूनही पाहू लागला. आजच्या तक्रारींतही हा सूर अधूनमधून ऐकू येतो. भारतीय किंवा चिनी मध्यमवर्गाच्या हाती आत्ता कुठे पासपोर्ट आला आणि नेमके तेव्हाच जगाला गर्दी टोचू लागली, असे कोणी म्हटले तर ते पूर्णपणे खोडता येत नाही. त्यामुळे उपाय निवडताना तो कोणाला वगळतो, हेही तपासावे लागते.

उपायांचे काय?

पाच युरोंमुळे व्हेनिसची सहल कोणी रद्द करत नाही. सान मार्को चौकात बसून कॉफी प्यायला त्याहून जास्त पैसे पडतात. पहिल्या वर्षी शुल्काच्या दिवसांत रोज सरासरी १६ ते १७ हजार लोकांनी ते भरले. किती लोक येणार याचा अंदाज पालिकेला आधी मिळू लागला, हा त्यातला खरा लाभ. मुक्कामी पाहुण्यांना हे शुल्क नाही. म्हणजे घरांचे रूपांतर खाटांत करणाऱ्या पर्यटनाला ते स्पर्शच करत नाही.

शुल्क जबर ठेवले तर? भूतानने २०२२ मध्ये प्रतिरात्र २०० डॉलर आकारायला सुरुवात केली आणि २०२३ मध्ये ते १०० डॉलरवर आणले. भारतीयांसाठी ते १२०० रुपये आहे. त्यामुळे गर्दी आवरता येते. पण मग प्रवास ऐपतीवर ठरतो.

बार्सिलोनाने तिसरी वाट धरली आहे. पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या १० हजार १०१ सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर पुढे चालू ठेवायचे नाहीत, असे महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले. पुढच्याच महिन्यात तिथल्या आंदोलकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या आणि ती दृश्ये जगभर गाजली. पण त्या शहरासाठी अधिक महत्त्वाची गोष्ट परवान्यांचीच. अल्पमुदतीच्या भाड्यावर मर्यादा घालण्याचा अधिकार इटलीच्या संसदेने २०२२ मध्ये व्हेनिसलाही दिला. पालिकेने तो वापरण्याची फारशी घाई केलेली नाही. घरमालक मतदार असतात, पर्यटक नसतात.

बार्सिलोनातही ते दहा हजार परवाने संपल्यावर सदनिका स्थानिकांना परवडणाऱ्या भाड्यात मिळतील, याची हमी नाही. मालक त्या विकू शकतात, काही महिन्यांच्या करारावर परदेशी नोकरदारांना देऊ शकतात किंवा बंदही ठेवू शकतात.