नववीचा उंबरा

मृगाच्या पावसाबरोबर शेतांत पाभर चालूं लागते, आणि त्याच जून महिन्यांत हायस्कुलें उघडतात. नववींत पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींचें आम्ही स्वागत करतों. त्यांच्या आईबापांशीं मात्र दोन शब्द बोलणें आहे.

१९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं करवीर इलाख्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. १९१९ सालीं भाऊराव पाटलांनीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली. २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क दिला. पण आठवी संपली कीं हा कायदा थांबतो. पुढचा भार तुमच्या निश्चयावर! नेमकें याच वयांत पोरगा औताला उपयोगी पडूं लागतो आणि पोरीला स्थळें येऊं लागतात. बाबांनो, अठरा वर्षांआंत मुलीचें लग्न लावणें हा गुन्हा आहे. लोहाराच्या पोराला आय. टी. आय. मध्यें फिटरचें काम शिकायचें तर दहावी पास लागते. पेरणीला मजूर मिळेल. बुडालेलें वर्ष मिळणार नाहीं.

एके काळीं विद्येचें दार दुसऱ्यांनीं आम्हांस बंद केलें होतें. आज तें आपल्याच हातानें लावूं नका. नांव घातलें नसेल तर याच आठवड्यांत मुख्याध्यापकांस भेटा.