दाव्याचा खर्च व टाकलेल्या स्त्रिया

कायदा पुस्तकांत असणें आणि तो गरिबाच्या दारापर्यंत येणें यांत किती अंतर असतें हें पाहावयाचें असल्यास बीड जिल्ह्यांतील शिरूर कासार तालुक्याकडे पाहावें. सिंदफणेच्या कांठचा हा मुलूख दुष्काळी. येथील पुष्कळ कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात व उन्हाळ्यांत परततात. मुकादमाच्या हिशेबांत नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात आणि त्या जोडीवर उचल मिळते. अशा ठिकाणीं संसार मोडला म्हणजे स्त्रीचा नवरा तर सुटतोच, पण तिचें घर, तिची मजुरी आणि गांवांतील तिची पत हींही त्याच दिवशीं जातात. मग ती माहेरच्या ओसरीवर येते आणि ‘टाकलेली’ या नांवानें उरलेलें आयुष्य कंठूं लागते.

‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये’ ही म्हण ज्याच्या गांठीं कांहीं आहे त्यास शोभते. जिला दोन मुलांच्या भाकरीची भ्रांत आहे तिला ती पायरी चढण्यावांचून गत्यंतर नाहीं. आणि चढावें म्हटलें तर वकिलाची फी, नकला, प्रत्येक तारखेचें मोटारभाडें व बुडालेली मजुरी यांचा डोंगर पुढें उभा राहतो.

हा डोंगर फोडण्याची तजवीज सरकारनें केलेली आहे, ही गोष्ट आमच्या किती वाचकांस ठाऊक आहे? 1976 सालीं राज्यघटनेंत 39अ हें कलम घालण्यांत आलें आणि पैशाच्या अभावीं कोणीही न्यायास मुकूं नये हें राज्याचें कर्तव्य ठरलें. 1987 सालीं विधि सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला व 9 नोव्हेंबर 1995 पासून तो अंमलांत आला. त्याच्या 12 व्या कलमाप्रमाणें स्त्रीस, मग तिचें उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानें वकील मिळण्याचा हक्क आहे. अनुसूचित जातिजमातींचे लोक, अपंग, मुलें आणि ठरलेल्या मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले पुरुष यांसही तो आहे. जिल्ह्याच्या ठिकाणीं जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालीं प्राधिकरण असतें, आणि तालुक्याकरितां समिती नेमण्याची तरतूद आहे. लिहितां न येणारीचें म्हणणें तोंडी ऐकून अर्ज भरून घेतां येतो. 15100 या क्रमांकावर दूरध्वनि करूनही चौकशी होते.

कोणी म्हणेल, करदात्यांच्या पैशानें संसार मोडावयास वकील पुरवावे, हा कुठला न्याय? हा आक्षेप आम्हीं अनेक सभ्य गृहस्थांच्या तोंडून ऐकला आहे, म्हणून त्याचें उत्तर देणें प्राप्त आहे. संसार वकिलाच्या अर्जानें मोडत नाहीं. तो मारझोडीनें, व्यसनानें, दुसऱ्या बायकोनें आधींच मोडलेला असतो. शिवाय या साह्यांत घटस्फोटाचा दावा हा एक भाग झाला. पोटगी, मुलांचा ताबा, 2005 च्या कायद्याप्रमाणें घरांतील छळापासून संरक्षण आणि जेथें शक्य तेथें समेट, हीं सर्व कामें त्यांत येतात. पोटगीचा अर्ज तर स्त्रीस ती राहते तेथील न्यायालयांत करतां येतो. आणि सर्वोच्च न्यायालयानें 2020 सालीं असें ठरविलें कीं पोटगी अर्जाच्या तारखेपासून देण्यांत यावी. मग अर्जास झालेला प्रत्येक महिन्याचा विलंब म्हणजे त्या मुलांच्या तोंडचा घांस आहे, हें उघड आहे.

इतिहासाकडे पाहा. मुंबईच्या रखमाबाईवर 1884 सालीं नवऱ्यानें नांदावयास येण्याचा दावा लावला. 1887 सालीं नांदावयास जा नाहीं तर सहा महिने तुरुंग भोग, असा हुकूम झाला, तेव्हां तिनें तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. 1888 सालीं दोन हजार रुपये देऊन तो तंटा मिटला. तिच्यामागें मुंबईचे सुशिक्षित लोक होते, तिच्या साह्यार्थ समिती निघाली होती, म्हणून ती टिकली. ज्या स्त्रीचें नांव कोणत्याही वर्तमानपत्रांत येत नाहीं तिच्यासाठीं समिती कोण काढणार? ती समिती आतां कायद्यानेंच काढून ठेवली आहे; तिचें दार मात्र पुरतें उघडलेलें नाहीं.

तें बंद राहिल्यामुळें काय होतें तें सांगतों. भावकीचे चार लोक बसतात, मुद्रांकाच्या कागदावर ‘फारकत’ लिहितात, बाईचा अंगठा घेतात आणि प्रकरण मिटलें म्हणून सांगतात. ज्या समाजांत घटस्फोटाची सिद्ध होण्याजोगी रूढि आहे तो अपवाद सोडल्यास, हिंदु विवाहाच्या 1955 च्या कायद्यापुढें असल्या कागदाची किंमत शून्य आहे. नवरा त्या कागदाच्या जोरावर दुसरें लग्न करतो. बाई मात्र ना नांदती, ना सुटलेली, आणि पोटगीवर पाणी सोडल्याचें तिच्याकडून लिहून घेतलेलें असतें. पंचांच्या या स्वस्त न्यायाची सारी किंमत एकटी तीच भरते.

सरकारी साह्यांतही वैगुण्यें आहेत, तीं झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. या कामाचें मानधन अल्प. त्यामुळें अनुभवी वकील त्याकडे फारसे वळत नाहींत. फुकटचा वकील म्हणजे निष्काळजी वकील अशी लोकांची समजूत आहे, व ती नेहमींच निराधार असते असें म्हणवत नाहीं. शिबिरें अशा महिन्यांत भरून काय उपयोग, कीं ज्या वेळीं अर्धा गांव फडावर असतो? तारीख माघांत पडली तर उचल घेतलेली बाई कोल्हापुराकडून किंवा कर्नाटकांतून ती गांठणार कशी?

म्हणून आमचें मागणें साधें आहे. तालुक्याचीं शिबिरें टोळ्या निघण्यापूर्वीं व परतल्यावर अशीं वर्षांतून दोनदां भरवावीं. स्थलांतरित पक्षकारांच्या तारखा हंगाम पाहून द्याव्या. मानधन वाढवावें, आणि जो नेमलेला वकील पक्षकाराकडे पैसे मागेल त्याचें नांव यादींतून काढावें. ग्रामपंचायत, एस. टी. स्थानक व बाजारपेठ येथें या हक्काचे फलक ठळक मराठींत लावावे.

शेवटचें काम शिरूरच्या व्यापाऱ्यांचें व शिकलेल्या मंडळींचें आहे. भावकीच्या बैठकीस पंच म्हणून आपणांसच बोलावणें येतें. पुढच्या वेळीं फारकतीच्या कागदावर साक्षीदाराची सही करण्यापूर्वीं त्या बाईस एवढेंच विचारावें कीं, ‘बाई, तुला सरकारी खर्चानें वकील मिळतो हें तुला ठाऊक आहे काय?’ तिचें उत्तर ‘नाहीं’ असेल, तर लेखणी खालीं ठेवावी आणि तिला तालुक्याच्या समितीची वाट दाखवावी. असें करण्यास कवडीचाही खर्च येत नाहीं, आणि सही केल्याचें पाप मात्र दोन पिढ्या फेडावें लागतें.