‘जुनो’: कौतुक बरोबर, कारण चूक

‘जुनो’ आवडतो का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "कुठला? पहिल्या वीस मिनिटांचा, की उरलेल्या सव्वा तासाचा?" माझ्या मते त्या एका तिकिटात दोन सिनेमे आहेत. पहिला मला सोसत नाही. दुसऱ्यासाठी मी कुणाशीही भांडायला तयार आहे. वैताग याचा येतो, की जगाने डोक्यावर घेतला तो पहिला. आणि नावं ठेवणाऱ्यांनी नावं ठेवली तीही पहिल्यालाच. दुसरा बिचारा तसाच पडून आहे.

आमच्या घरात यावर सरळ दोन तट आहेत. दादा म्हणतो, "सोळा वर्षांची पोर अशी बोलते का? सगळा खोटेपणा." भाची म्हणते, "मामा, तेच तर भारी आहे!" दोघंही हे वाचणार आहेत, म्हणून आधीच सांगते: दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडताय. :-)

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिनेमा २००७ चा, दिग्दर्शक जेसन राइटमन. मिनेसोटातली सोळा वर्षांची जुनो (इलियट पेज, तेव्हा पडद्यावर वेगळं नाव लागायचं) ब्लीकर नावाच्या मित्रापासून गरोदर राहते. गर्भपाताच्या दवाखान्यात जाऊन परत येते आणि बाळ दत्तक द्यायचं ठरवते. मार्क आणि व्हनेसा हे चकचकीत घरातलं जोडपं सापडतं. मग पोट वाढत जातं, ऋतू बदलत जातात. बस, एवढीच गोष्ट.

आता कौतुकाचं. लेखिका डायब्लो कोडी. ही तिची पडद्यावर आलेली पहिलीच पटकथा. त्याआधी ती ब्लॉग लिहायची. तो वाचून हॉलीवूडमधल्या एकाने तिला शोधून काढलं, त्याच्याच आग्रहाने ती सिनेमाकडे वळली. सिनेमा बनला जेमतेम ७०-७५ लाख डॉलरमध्ये आणि जगभरात कमावले २३ कोटींच्या वर. रॉजर ईबर्टने तो वर्षातला सर्वोत्तम सिनेमा ठरवला. चार ऑस्कर नामांकनं मिळाली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये मूळ पटकथेचं ऑस्कर कोडीच्या हातात आलं. ब्लॉगवाल्या जमातीला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. आपल्यातलीच एक थेट ऑस्करला! पण ‘आपल्यातली’ हे काही गुणवत्तेचं प्रमाणपत्र नव्हे. तसंच तिने पूर्वी वर्षभर क्लबमध्ये कपडे उतरवायचं काम केलं होतं, हाही पटकथेचा गुण किंवा दोष नव्हे. तेव्हाचे लेख काढून बघा. लेखिकेच्या पूर्वायुष्यावर चार परिच्छेद आणि पटकथेवर दीड ओळ. नवा लेखक पुरुष असता तर त्याची आधीची नोकरी मथळ्यात आली असती का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडते.

तर पहिली वीस मिनिटं. जुनो दुकानात प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी घ्यायला येते, दिवसातली तिसरी. गल्ल्यावरचा माणूस तिची फिरकी घेतो आणि ‘होमस्किलेट’ वगैरे शब्द वापरून एक यमकदार, चमकदार वाक्य टाकतो. मग जुनो तसंच एक टाकते. मग बर्गरच्या आकाराच्या फोनवर बोलणाऱ्या जुनोला मैत्रीण ‘ऑनेस्ट टू ब्लॉग’ म्हणते. म्हणजे देवाशपथ नाही, ब्लॉगशपथ! एकदा हसू येतं. पाचव्यांदा कुणीतरी बरगडीत कोपर मारून "कळला का विनोद?" असं विचारतंय असं वाटतं.

यावर भाचीचा बचाव तयार असतो: "अगं, ती घाबरलीये. भीती लपवायला ती विनोद करते." मान्य. अगदी मान्य. पण मग गल्ल्यावरचा तो माणूस कशाला घाबरलाय? तो काही गरोदर नाही!

खरा दोष हा आहे. सोळा वर्षांची मुलगी ‘खऱ्या’ आयुष्यात अशी बोलते का, हा दादाचा मुद्दा मला मान्य नाही. विनोदी लेखन म्हणजे काही टेपरेकॉर्डर नव्हे. वुडहाउसची माणसं तरी कुठे ‘खरी’ बोलतात? पण सगळी पात्रं एकाच जिभेने बोलायला लागली की ती पात्रं राहत नाहीत, लेखकाचे लाउडस्पीकर होतात. आपल्याकडे गडकऱ्यांबद्दल ही तक्रार जुनीच आहे. कोट्या एकाहून एक सरस, पण नोकर असो की मालक, बोलतात सगळे गडकरीच. उलट पुलंचे नारायण आणि अंतू बर्वा एकाच पुस्तकात राहतात, पण एका भाषेत बोलत नाहीत. विनोद कुठून येतो ते तिथे कळतं. तो वाक्यातून येत नाही, माणसातून येतो. ‘जुनो’च्या पहिल्या वीस मिनिटांत वाक्यं आहेत. माणसं अजून यायची आहेत.

आणि मग ती येतात, हो! इथून पुढे माझी बाजू बदलते, सावरून बसा.

सगळ्यात आधी मार्क. हा मनुष्य जाहिरातींना संगीत देतो, पूर्वी बँडमध्ये होता. गिटारी, सीड्या, भयपट, कॉमिक्स असा त्याचा संसार मोठ्या घरातल्या एका खोलीत कोंबलेला. जुनोची आणि त्याची लगेच गट्टी जमते. रॉकचं सोन्याचं वर्ष कुठलं, १९७७ की १९९३, यावर दोघं वाद घालतात. व्हनेसा मात्र भिंतीच्या पिवळ्या रंगाच्या दोन छटांत अडकलेली, कडक इस्त्रीची, विनोद न कळणारी. पहिला तासभर आपण सगळे मार्कच्या बाजूने असतो. हा मजेशीर, ती कटकटी. अमेरिकन विनोदी सिनेमांनी आपल्याला हे गणित पाठच करून दिलंय. त्याच वर्षी आलेला जड अ‍ॅपेटोचा ‘नॉक्ड अप’ आठवा. तिथेही नको असताना राहिलेला गर्भ, पण गोष्ट मुख्यतः कुणाची? तर न वाढलेल्या पुरुषाची. तो मोठा कधी होतो याची वाट बघायची, आणि झाला की टाळ्या वाजवायच्या.

कोडी हेच गणित वापरून आपल्याला फसवते. तळघरात जुनोबरोबर संथ नाच करताना मार्क सांगतो, की तो व्हनेसाला सोडतोय. आणि एका क्षणात तो ‘कूल’ माणूस आपल्याला जसा आहे तसा दिसतो: मुलीच्या वयाच्या पोरीकडून कौतुक हवं असलेला, बाप व्हायच्या कल्पनेने पळ काढणारा चाळिशीकडे झुकलेला पोरगा. जुनो घाबरते, चिडते, रडते. गाण्यांच्या आवडीवर जुळलेली मैत्री किती पातळ होती ते तिला कळतं. रागाच्या भरात ती त्याच्या लाडक्या बँडलाही ‘नुसता गोंगाट’ म्हणून टाकते. विनोदाचा, चटपटीतपणाचा, ‘आपल्या टेस्टचा’ माणूस म्हणजे चांगला माणूस नव्हे, हे ज्या सिनेमाने पहिली वीस मिनिटं चटपटीतपणाची दुकानदारी केली तोच सिनेमा सांगतो. याला पटकथा म्हणतात.

दुसरी व्हनेसा. मॉलमधला प्रसंग आठवा. ती गुडघ्यांवर बसून जुनोच्या पोटाशी बोलते. आधी अवघडून, मग हळूहळू. बाळ लाथ मारतं. आधी एकदा दत्तक घ्यायचं ठरून मोडलेलं आहे, ही बाई आशा करायलाही भिते आहे, हे सगळं त्या चेहऱ्यावर (जेनिफर गार्नर, काय काम केलंय!) येतं. त्या क्षणी एकही कोटी नाही. ज्या लेखिकेला दर वाक्याला कोटी सुचते, तिने इथे तोंड बंद ठेवलंय. ऑस्कर द्यायचंच होतं तर या गप्प बसण्याला द्यायचं.

तिसरी ब्रेन, जुनोची सावत्र आई. आपल्याकडच्या सिनेमांनी सावत्र आईचं काय केलंय ते वेगळं सांगायला नको. ही नखं रंगवायचं काम करते. कुत्री पाळायची हौस आहे, पण जुनोला अ‍ॅलर्जी म्हणून नुसती चित्रं जमवते. सोनोग्राफीच्या वेळी ती तंत्रज्ञ बाई अशा पोरवयातल्या आयांबद्दल कुत्सितपणे बोलते, तेव्हा ही नखंवाली उभी राहते आणि तिला तिची जागा दाखवून देते: माझं काम नखांचं, तुझं यंत्राचं, ज्याने त्याने आपल्या कामापुरतं बोलावं. हा सिनेमातला सर्वांत मोठा हशा आहे आणि तो फक्त ब्रेनच्याच तोंडी शोभतो. गल्ल्यावरच्या माणसाचं वाक्य कुणाच्याही तोंडी घाला, काही फरक पडणार नाही. हिचं घालून दाखवा!

आणि शेवटी ती चिठ्ठी. मार्क-व्हनेसाचा संसार मोडताना पाहून जुनो गाडीच्या ऑइल चेंजच्या पावतीमागे काहीतरी खरडते आणि दारात ठेवून जाते. काय लिहिलंय ते आपल्याला दाखवत नाहीत. ते कळतं थेट शेवटी, बाळाच्या खोलीत फ्रेम करून लावलेलं. मजकूर व्हनेसासाठी, आणि अर्थ एवढाच की तुझी तयारी असेल तर माझीही आहे. शहाण्णव मिनिटं अखंड बडबडणाऱ्या मुलीचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ती बोलत नाही, लिहिते. त्यात एकही चमकदार शब्द नाही. पहिल्या वीस मिनिटांचे मार्क मी कापलेत, पण या चिठ्ठीवर पैकीच्या पैकी.

एवढं म्हटल्यावर एक गोष्ट सोडून देता येत नाही. गर्भपाताच्या दवाखान्याचा प्रसंग. या सिनेमात जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाला थोडी तरी माणुसकी मिळते. एसी-हीटरची कामं करणाऱ्या बापाला तर भरभरून मिळते. दवाखान्याच्या खिडकीतल्या मुलीला मात्र नाही. ती कंटाळलेली, बेजबाबदार, नुसतं कार्टून. बाहेर एकटीच निदर्शनं करणारी वर्गमैत्रीण बाळाला नखं असतात असं सांगते, आत सगळ्यांच्या नखांचे आवाज ऐकू येऊ लागतात, आणि जुनो पळून जाते. नखांच्या आवाजाची युक्ती सुंदर आहे. पण लेखिकेने मुलीच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय एका विनोदी ठिगळावर टांगला आहे. कोडी स्वतः गर्भपाताच्या हक्काच्या बाजूची आहे आणि आपल्या सिनेमाचा उलटा अर्थ काढला गेला याबद्दल ती नंतर अनेकदा बोलली आहे. २००७ मध्ये हा प्रसंग ‘हलकाफुलका’ म्हणून खपला. जून २०२२ मध्ये अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा रो विरुद्ध वेड निकाल उलटवल्यावर तो तसा खपत नाही. जुनो मिनेसोटाऐवजी शेजारच्या साउथ डकोटात राहत असती, तर २०२२ नंतर तिच्या राज्यात तिच्यासाठी तो दवाखानाच नसता, कार्टून मुलीसकट. पर्याय असताना केलेली निवड आणि पर्यायच नसणं यातला फरक त्या ठिगळात बुडून जातो. ‘असली पोरकट भाषा’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी खरं तर इथे बोट ठेवायला हवं होतं.

मग ऑस्कर योग्य होतं का? माझ्या मते नाही. त्याच यादीत टॅमरा जेंकिन्सचा ‘द सॅव्हेजेस’ होता. स्मृतिभ्रंश झालेल्या, कधीच धड बाप न झालेल्या बापाला वृद्धाश्रमात ठेवणारे बहीण-भाऊ, आणि त्यावर हसवणारा सिनेमा! पहिल्या मिनिटापासून त्यात प्रत्येक जण आपापल्या जिभेने बोलतो. मी असते तर त्याला दिलं असतं. पण पहिला नंबर वेगळा आणि कौतुक वेगळं. कौतुकाला ‘जुनो’ नक्की पात्र आहे.

आता मी एवढी तावातावाने का बोलतेय ते सांगते. २००९ च्या ‘जेनिफर्स बॉडी’त कोडीने पुन्हा तीच चटकदार बोली वापरली. सिनेमा आपटला (त्याला चाहते मिळाले ते बऱ्याच वर्षांनी). मग २०११ मध्ये ‘यंग अ‍ॅडल्ट’ आणि २०१८ मध्ये ‘टली’. दोन्ही राइटमनबरोबर, दोन्हींत शार्लीझ थेरॉन. एकीत सदतिशी गाठूनही शाळकरी वयात अडकलेली कडवट लेखिका, दुसरीत तिसऱ्या बाळंतपणाने पार पिचलेली आई. कोट्या जवळपास हद्दपार. विनोद आहे, पण तो माणसाच्या आतून येतो, आणि कधी कधी हसताना लाज वाटते. ‘जुनो’च्या पहिल्या वीस मिनिटांवरची सर्वांत कडक टीका कुणी केली असेल तर ती खुद्द कोडीने, हे दोन सिनेमे लिहून.

आणि या दोन्हींना मिळून ऑस्करची नामांकनं किती? शून्य.

ज्यांनी तिला चटपटीत वाक्यांसाठी डोक्यावर घेतलं होतं, ते वाक्यं संपल्यावर उठून गेले. चुकीच्या कारणासाठी केलेलं कौतुक असंच असतं. ते लेखकाला त्याच्या सगळ्यात सोप्या सवयीचं बक्षीस देतं आणि अवघड काम करायला लागला की पाठ फिरवतं. आपण एकमेकांच्या लिखाणाखाली "काय भन्नाट वाक्य आहे!" असं लिहून पुढे जातो, तेव्हा वेगळं काय करतो?

तेव्हा दादा, ‘खोटं आहे’ म्हणणं सोड आणि तळघरातला तो नाच पुन्हा बघ. आणि भाचीबाई, बर्गरचा फोन ठेव खाली, ‘टली’ लाव. मग भांडू.