लक्कम्माचा हिशेब

माघातील उळवीच्या जत्रेला धारवाड, बेळगावकडून बैलगाड्या येतात. चन्नबसवण्णांच्या समाधीपुढे जो तो काहीतरी मागत असतो. गेल्या वर्षी मीही मागितले. परतताना आईने विचारले, "काय मागितलंस?" मी "पहिला वर्ग" म्हणालो. खरे म्हणजे मी मोटारसायकल मागितली होती.

बाराव्या शतकात कल्याणात शरणांवर संकट कोसळले, तेव्हा चन्नबसवण्णा काही शरणांसह या अरण्यात आले. त्याच शरण परंपरेतील आयदक्की लक्कम्माची कथा कन्नड विभागातील मित्रांना पाठ असेल. मराठी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तिचा पती मारय्या बसवण्णांच्या महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेची. तेच त्याचे कायक. त्यातूनच घर चाले आणि दासोहही होई. एके दिवशी त्याने रोजच्याहून जास्त तांदूळ आणले. लक्कम्माने जास्तीचे परत टाकून यायला लावले.

आम्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच धड्यात शिकवतात की गरजा अमर्याद आणि साधने मर्यादित. रॉबिन्सची १९३२ ची व्याख्या यावरच उभी आहे. अलाहाबादचे प्रा. जे. के. मेहता मात्र गरजाच कमी करीत नेणे हे अर्थशास्त्राचे ध्येय मानीत. आमच्या वर्गात मेहता पाच मिनिटांत आटोपले!

पण मित्रहो, इच्छा जिंकण्याचा उपदेश बहुधा चुकीच्या माणसाला केला जातो. मजुराने मजुरी वाढवून मागितली की त्याला समाधानाचे महत्त्व सांगतात. हे मला पटत नाही. लक्कम्माच्या घरी रोजचा शिधा पुरत होता, कष्टही चालू होते, आणि "पुरे" हा शब्द तिचा स्वतःचा होता. आपले तुकोबाही तसेच. सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवताना भावाचा अर्धा हिस्सा त्यांनी त्याला देऊन टाकला, बुडवला तो स्वतःचाच, असे चरित्रकार सांगतात. ऋणकोंना संतोष शिकवीत ते बसले नाहीत.

परवा मी वहीत जमाखर्च मांडला. कॉलेजला बसचा पास आहे. "गरज" या सदराखाली मोटारसायकल लिहिताना हात अडखळला, म्हणून "हौस" असे नवे सदर काढून तिथे लिहिली. पुढे हप्त्याची रक्कम मांडली. तो वडिलांच्या पगारातून जाणार होता. पान अजून फाडलेले नाही, आणि आईलाही दाखवलेले नाही.