उन्हाळा पापडांना दिला, आता वॉटर पार्कलाही?



मंडळाच्या बैठकीत उन्हाळी सहलीचा विषय निघाला आणि पाच मिनिटांत वॉटर पार्क ठरला. मागच्या वर्षीही तोच होता. मी विरोध केला तर एक काकू म्हणाल्या, "अगं, वर्षातून एक दिवस मिळतो बायांना, त्यातही तू धर्म काढतेस!" धर्म काढला होता हे खरं. आज जरा सविस्तर काढते, कारण बैठकीत चहा येतो आणि विषय तिथंच राहतो.

आपल्यातल्या कितीतरी जणींची माहेरं लातूर, औसा, निलंग्याकडची आहेत. २०१६ चा उन्हाळा त्यांना विचारा. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी महिनाभर पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती, भांडणं होऊ नयेत म्हणून. शहराला प्यायला पाणी आगगाडीनं आणावं लागलं, अशा मुलखात आपण ऐन मे महिन्यात बस करून जायचं, तिकीट काढायचं आणि घसरगुंडीवरून पाण्यात उड्या मारायच्या! "ते पाणी फिरवून फिरवून वापरतात" असं कोणीतरी सांगितलं. म्हणजे शेकडो माणसं नाहलेलं पाणी. मग तर बोलायलाच नको. घरी आपण पाणी गाळतो, जिवाणी विहिरीत परत सोडतो, सुनेनं गळणं नीट धरलं नाही तर दोन शब्द सुनावतो. हे सगळं तिकीट काढलं की माफ होतं का?

समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत. पाचवा प्रकार प्रमादचर्या. काही कारण नसताना माती उकरणं, पाणी उधळणं, आग पेटवणं, झाडं तोडणं. दशलक्षणात दरवर्षी आपण हे ऐकतो आणि माना डोलावतो. पाणी उधळण्याचा याहून स्वच्छ दाखला मला तरी सुचत नाही.

पण वॉटर पार्क हा एकच दिवस. बाकीचा उन्हाळा कुठं जातो तेही बघा. होळी झाली की गच्चीवर खाट, खाटेवर जुनं लुगडं, आणि त्यावर पापड, शेवया, सांडगे, खारोड्या, कुरडया. पोरं मामाच्या गावाला. पुरुष मंडळी लग्नं करतात, नाहीतर शिखरजीला जाऊन येतात. आपण मात्र कावळे हाकलत बसतो. कशासाठी? "पावसाळ्यात लागतं, पाहुण्याला लागतं." बायांनो, आट्याची मर्यादा उन्हाळ्यात पाच दिवस, पावसाळ्यात तीन दिवस, हे आपल्या लेकींना तोंडपाठ आहे. मुनींच्या आहाराला पापड-लोणचं चालत नाही हेही सगळ्यांना माहीत आहे. तरी त्याच घरात वर्षभराचे पापड पत्र्याच्या डब्यात भरून ठेवलेले असतात. शेजारणीपेक्षा दोन डबे जास्त झाले तर बरंच वाटतं. मर्यादा आपण कुठं पाळतो आणि कुठं सोडतो याचा हिशेब एकदा मांडून बघा. पाळल्यानं बाई घरात राहते तिथं ती अगदी कडक असते. सोडल्यानं बाई घरात राहते तिथं ती हळूच सुटते.

आता "बाहेर पडलं की हिंसा होते, पायाखाली जीव येतात" हा मुद्दा. मोठ्या आजीबाईंपासून कालच्या नव्या सुनेपर्यंत सगळ्या तो मांडतात, आणि मला सगळ्यात जास्त राग याच मुद्द्याचा येतो. मुनी आणि आर्यिका माताजी चातुर्मासात एका जागी का थांबतात? पावसात हिरवळ वाढते, जीवजंतू वाढतात, म्हणून. आणि बाकीचे आठ महिने काय करतात? चालतात. वैशाखाच्या उन्हात, डांबरी सडकेवर, अनवाणी. म्हणजे आपल्याच परंपरेनं चालण्याचा ऋतू कोणता ते ठरवून दिलेलं आहे. आपण ते बरोब्बर उलटं केलं. उन्हाळ्यात, जमीन कोरडी असते तेव्हा, घरात बसायचं. आणि ऐन श्रावणात, पायाखाली गवतच गवत असताना, गाड्या भरून इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडाला धबधबा बघायला जायचं, ओल्या दगडांवर फोटो काढायचे. तेव्हा "जीव येतात" म्हणणारं कोणी भेटलं नाही मला.

दुसरा मुद्दा दिग्व्रताचा. दिशांची मर्यादा घालून घेणं हे व्रत आहे, मोठं व्रत आहे. पण ते ज्याचं त्यानं घ्यायचं असतं, आणि श्रावकाला जसं तसं श्राविकेला. सासूनं सुनेला घातलेली दिशांची मर्यादा म्हणजे दिग्व्रत, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते मला दाखवा.

फिरण्याची इच्छा धरणारी बाई आपल्या परंपरेत नवी नाही. चामुंडरायाची आई काललदेवी. पोदनपूरला भरत चक्रवर्तीनं उभारलेली बाहुबलींची प्रचंड मूर्ती आहे असं तिनं ऐकलं आणि दर्शन होईपर्यंत दूध घेणार नाही असा नेम केला. मुलानं "आई, या वयात कुठं" असं म्हटलं नाही. तो तिला घेऊन निघाला. वाटेत श्रवणबेळगोळला मुक्काम पडला आणि पुढं इ.स. ९८१ च्या सुमारास तिथं गोमटेश्वर उभे राहिले. एका म्हाताऱ्या बाईनं घराबाहेर पडायचा हट्ट धरला म्हणून आज जग बेळगोळला जातं. आणि ते पोदनपूर म्हणजे आपल्या बिलोलीच्या पलीकडचं, तेलंगणातलं बोधन, असं पुष्कळ जण मानतात. काललदेवी कर्नाटकातून निघाली होती. आपण धर्माबादेपर्यंत रेल्वेनं जातो, मिरची घेतो आणि परत येतो.

उन्हाचं म्हणाल तर ते मी नाकारत नाही. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२-४३ च्या पुढं जातो, दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पण आपल्या दिनचर्येकडे जरा बघा. पहाटे उठणं आपल्याला नवं नाही. मे मध्ये पावणेसहाला सूर्य उगवतो आणि संध्याकाळी पावणेसातच्या पुढं मावळतो. डिसेंबरात दिवस मावळायच्या आत स्वयंपाक, जेवण, आवराआवर करताना जी धांदल उडते, ती उन्हाळ्यात नसते. सहाला जेवण झालं तरी उजेड शिल्लक राहतो. बिनाघाईची संध्याकाळ आपल्याला वर्षात या दोनच महिन्यांत मिळते, आणि ती आपण मालिका बघण्यात घालवतो. माझ्या नणंदेची मुलगी शिकागोकडे असते. तिकडं बार्टलेटला मोठं जैन मंदिर आहे. ती म्हणते, "मामी, इथं थंडी इतकी लांब चालते की ऊन पडलं की घरात बसायचं पाप वाटतं. सगळे तलावाकाठी, बागेत, डबे घेऊन." त्यांच्याकडे जूनपासूनचे तीन महिने. ते एकही रविवार सोडत नाहीत.

सणांचंही तेच. महावीर जयंती, अक्षय्य तृतीया, श्रुतपंचमी, तिन्ही उन्हाळ्यातले. अक्षय्य तृतीयेला आदिनाथ भगवंतांचं पारणं हस्तिनापुरात श्रेयांस राजानं उसाच्या रसानं केलं. दारी आलेल्याला रस देण्याचा हा सण! उमरीच्या स्टेशनबाहेर त्या दिवशी दोन चरकं लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला रस दिला तर किती शोभेल. आपण काय करतो? मंडप, ध्वनिक्षेपक, शाल-श्रीफळ, तासभर सत्कार, आणि बाया मागं पंगतीचं वाढतायत. श्रुतपंचमीला ग्रंथ बाहेर काढून झटकायचे, नवी वेष्टनं घालायची; तेही आता पालखीच्या फोटोपुरतं उरलंय.

तर सहलीसाठी माझी मागणी अशी. यंदा कंधार. राष्ट्रकूटांचा किल्ला, भोवती खंदक, शेजारी जगत्तुंग सागर. राष्ट्रकूटांच्या काळात आपल्या धर्माला केवढा आधार होता हे पोरींना पुस्तकात वाचायला लावण्यापेक्षा त्या दगडांजवळ उभं करून सांगू. पहाटे चारला निघायचं, ऊन चढायच्या आत किल्ला बघून परतीला लागायचं. पुढच्या वर्षी जिंतूरची नेमगिरी, मुक्कामानं. लहानशा दारातून वाकून आत शिरायचं आणि समोर एवढ्या मोठ्या मूर्ती. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना मी वर्णन करून सांगणार नाही, या आणि बघा.

"खर्च कोण देणार" असं विचारतील. वॉटर पार्कचं तिकीट ज्या पैशातून निघत होतं त्यातूनच, उरलेले चरकाला. "सासूबाई सोडणार नाहीत" म्हणाल तर सासूबाईंनाही आणा, काललदेवीची गोष्ट त्यांनाच आधी सांगा. दशम्या आणि शेंगादाण्याची चटणी माझ्याकडे. गळणं आणि पाण्याच्या कळश्या दोघींनी घ्या. पापडाचं पीठ त्या दिवशी कोणीही भिजवायचं नाही.

बैठक रविवारी तीन वाजता मंदिराच्या सभागृहात आहे. हात वर करून मत द्यायचं आहे, फोनवर कळवून चालणार नाही.