गाळाचा हिशेब कोण मागणार?

धरण बांधून झाले की नदीचा प्रश्न सुटला, अशी एक समजूत आपल्याकडील नियोजनाने दृढ केली आहे. वस्तुतः धरण पुरे होते त्या दिवसापासून नदीतील खऱ्या बदलास प्रारंभ होतो. हा बदल सावकाश होत असल्याने निवडणुकीच्या सभेत त्याचा उल्लेख होत नाही. परंतु त्याची किंमत कोणीतरी मोजतच असते.

वाहती नदी पाण्याबरोबर मातीही आणते. जलाशयात शिरताच तिचा वेग मंदावतो. जाड रेती वरच्या तोंडाशीच बसते, बारीक गाळ भिंतीकडे सरकतो. गाळ तळाच्या मृत साठ्यातच जमेल, हे जुने गृहीत म्हणूनच टिकले नाही. सिंचनाचा उपयुक्त साठाही त्याने व्यापला जातो. तुंगभद्रा धरणात १९५३ साली पाणी अडले, तेव्हा त्याची क्षमता सुमारे १३३ टीएमसी होती. २०१६ च्या सर्वेक्षणात ती सुमारे १०५.८ टीएमसी भरली. म्हणजे एक पंचमांश धरण गाळाखाली गेले. ही तूट सर्वांना सारखी सोसावी लागत नाही. माथ्याजवळचा बागाईतदार आपले पाणी घेतोच. कोरडा राहतो तो कालव्याच्या टेलचा अल्पभूधारक.

भिंतीखालची हानी याहून दूरवर पोहोचते. गाळ मागे टाकून आलेले पाणी नदीचा तळ आणि काठ खरवडते, आणि समुद्रमुखाशी नवी माती पडेनाशी होते. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण ओलांडून आंध्रात सागराला मिळते. वाटेत तिच्यावर आणि तिच्या उपनद्यांवर कोयना, उजनी, अलमट्टी, तुंगभद्रा, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणे आहेत. जगातील ३३ त्रिभुज प्रदेशांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कृष्णेच्या मुखाशी पोहोचणारा गाळ सुमारे ९४ टक्क्यांनी घटला आहे. पोषणच तुटल्यावर ती भूमी खचते, आणि तेथील भातशेतकरी व मच्छीमार समुद्राच्या तोंडी जातात.

बच्छावत लवादाने १९७३ साली कृष्णेच्या २०६० टीएमसी पाण्याची तीन राज्यांत वाटणी केली. पाण्याच्या थेंबाथेंबासाठी राज्ये आजही भांडतात. गाळाचा वाटा मात्र कोणी मागितला नाही. समुद्राला मिळणारे पाणी 'वाया' जाते, हे घोषवाक्य याच अज्ञानातून आले. साधा कारखानदारसुद्धा यंत्राचा घसारा हिशेबात धरतो. विस्थापितांच्या जमिनीवर आणि जनतेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या धरणाला घसारा नाही काय?

हा धरणांना सरसकट विरोध नव्हे. दुष्काळी तालुक्यातील शेतमजुराला पाणी हवेच आहे, आणि म्हणूनच त्याला खरा हिशेब हवा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही २०१७ ची योजना लहान तलावांना उपकारक आहे. विशाल जलाशय मात्र फावड्याने उपसून रिते होणार नाहीत. त्यासाठी पाणलोटातील मातीची धूप रोखावी लागेल. प्रत्येक मोठ्या जलाशयाची ठरावीक काळाने मोजणी व्हावी. धरणापूर्वीच्या व नंतरच्या प्रवाहाची आणि गाळाची आकडेवारी सोप्या मराठीत ग्रामसभांपुढे व पाणीवापर संस्थांपुढे ठेवावी. पाण्याचे वाटप कागदावरील मूळ क्षमतेवर न होता मोजलेल्या क्षमतेवर व्हावे, आणि कपात माथ्यापासून सुरू व्हावी.

नदीचे संशोधन ही केवळ तज्ज्ञांची मिरास नव्हे. आकडे ज्याच्या हाती, पाणी त्याच्या हाती, हे ओळखून कार्यकर्त्यांनी पाण्याच्या प्रत्येक मोर्चात गाळाचाही हिशेब मागितला पाहिजे.