काळा बुरखा, काळा रस्ता

रमजानमधली गोष्ट. तरावीह होऊन गेली होती, दहा वाजले असतील. नणंदेला तिच्या घरी सोडून मी स्कूटीवरून परतत होते. गावाबाहेर कारखान्याच्या रस्त्याला दिवे नाहीत. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या. त्याच्या उजेडाने डोळे दिपले. तो निघून गेला आणि हातभर अंतरावर एक पांढरी टोपी दिसली. मी ब्रेक दाबले, स्कूटी मातीत घसरली.

टोपीवाला आमच्याच शाळेतला, सहावीतला. त्याच्या दोन्ही बाजूंना त्याची अम्मी आणि खाला, काळ्या बुरख्यात. खरं सांगते, त्या दोघी मला दिसल्याच नव्हत्या. "मॅडम, तुम्हाला लागलं नाही ना?" उलट त्याची अम्मीच मला विचारत होती.

रात्री झोप आली नाही. वेग चाळीसचा होता. म्हणजे सेकंदाला 11 मीटर. सकाळी फळ्यावर हे गणित मांडलं आणि मुलांना 11 मीटर मोजायला लावले. वर्ग संपला, व्हरांडाही संपला. ब्रेकवर बोटं जाण्याआधीच गाडी एवढी पुढे जाते!

त्या तिघांचं चुकलं ते एवढंच की ते डाव्या बाजूने, गाड्यांकडे पाठ करून चालले होते. फुटपाथ नसेल तिथे चालणाऱ्याने उजव्या कडेने, येणारी गाडी समोर दिसेल असं चालावं. सायकल मात्र डावीकडूनच. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं. शॉर्टकट म्हणून मुलं सायकल उलट्या बाजूने आणतात, आणि आपण घरचे बघत असतो.

बुरखा बदला असं मी म्हणत नाही, मीही तोच घालते. पण अंधारात बाहेर पडताना पांढरी ओढणी वरून घ्यावी, मोबाइलचा टॉर्च जमिनीकडे धरावा. दुकानात रेडियमची पट्टी मिळते, ती मी बुरख्याच्या खालच्या काठाला शिवली. गाडीचा उजेड आधी पायांवर पडतो, म्हणून खाली. सासूबाई हसल्या, "अगं, ट्रक झालीस की!" आता त्यांच्या काठीलाही तीच पट्टी आहे.

आणखी एक, थोडं कडू. रस्त्यातली त्रास देणारी वस्तू बाजूला करणं हा ईमानचा भाग, ही हदीस आपल्या मुलांना तोंडपाठ असते. आणि जुम्याला आपल्याच मोटारसायकली रस्त्यावर अशा लागतात की म्हाताऱ्या माणसाला गाड्यांच्या मधून चालावं लागतं. मशिदीच्या कमिटीतल्या भावांनी एखादी दोरी बांधून चालण्यापुरती जागा मोकळी ठेवली तर किती खर्च येईल?

त्या मुलाच्या सायकलचा मागचा लाल रिफ्लेक्टर कधीचाच तुटला होता. परवा पाहिलं, मडगार्डवर रेडियम चिकटवलंय, जरा वाकडंच. त्याच्या अम्मीने निरोप धाडलाय, "मॅडम, शिवायची पट्टी कुठे मिळते? मोहल्ल्यातल्या सात जणींना हवी आहे."